फ्रीजचा सा

जगात बेसूर माणूस असा नसतोच, फक्त आळशी मास्तर असतात. हे वाक्य माझंच आहे. क्लासच्या पाटीवर नावाखाली मी ते लाल अक्षरांत रंगवून घेतलंय. कुणाचाही कान माझ्याकडे आणा, सा कुठला, ग कुठला, प कुठला हे नुसतं ऐकून ओळखायला मी त्याला शिकवणार म्हणजे शिकवणार. माझ्याकडून तयार झालेली माणसं शेजारी कपबशी फुटली तरी मान डोलवून सांगतात, कोमल नी. त्याचा उपयोग काय, असं मात्र विचारू नका. ते बायको रोज विचारते.

अशा या माझ्या भरभराटीच्या काळात दातांचे डॉक्टर क्लासला आले.

डॉक्टरांचा दवाखाना आमच्या चौकातच. हात इतका हलका, की दाढ निघून ट्रेमध्ये पडलेली असते आणि पेशंट विचारत असतो, डॉक्टर, सुरुवात कधी करताय? पण माणूस काम करताना गुणगुणतो. पेशंटच्या तोंडात नळी, कापूस आणि आरसा, तो बिचारा तक्रार कशी करणार? माझी एक दाढ त्यांनीच भरलीय. दाढेचं दुखणं मी केव्हाच विसरलो, ते गुणगुणणं नाही विसरलो.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "माझी बायको दर रविवारी गायकवृंदात गायला जाते. मुलं आपापल्या घरी गेली. रविवारी घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. मला एकट्यानं गायचं नाहीये हो. तिच्या मागच्या रांगेत उभं राहायला मिळालं तरी पुष्कळ झालं."

आता एवढ्या सज्जन माणसाला नाही कोण म्हणेल? मी लगेच हो म्हटलं. मग विचारलं, गायकवृंद कुणाचा? तर माझ्या ताईचा.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी माझा सा नीट लागेना, तेव्हा तिनं माझा कान पिळला होता. तो कान दुसऱ्यापेक्षा अजून जरा लांब आहे, निरखून पाहिलंत तर दिसेल. तिच्या वृंदात शिरायचं तर कानाची परीक्षा द्यावी लागते. सगळी गाणी पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी दाबली की तो यांचा सा. पण परीक्षेत ताई हा सा वाजवून दाखवतच नाही. तो म्हणे डोक्यात घेऊन यायचा. ती मधलीच कुठली तरी पट्टी दाबते आणि चष्म्यावरून बघत विचारते, "बोला, हा कोण?"

डॉक्टर त्या परीक्षेत आधीच आपटून आले होते. पंचमाला ते "बहुतेक सा" म्हणाले, आणि खुद्द सा वाजला तेव्हा म्हणाले, "हा नवीन दिसतोय."

"ताई," मी तिला फोनवर ठणकावून सांगितलं, "पुढच्या भरतीत डॉक्टर तुझ्या वृंदात नसले, तर मी क्लासची पाटी उतरवीन."

"उतरव," ताई म्हणाली. "मी स्टूल धरते."

मग काय, जिद्दीनं कामाला लागलो. मी पेटीवर सा वाजवायचो, मग ग वाजवायचो आणि विचारायचो, डॉक्टर, काय फरक वाटला? डॉक्टर डोळे मिटून विचार करायचे आणि म्हणायचे, "दुसरा जरा डावीकडून आल्यासारखा वाटला." मी हळू वाजवलं, जोरात वाजवलं, हातवारे केले, सोफ्यावर चढून म आणि सोफ्यावरून उतरून रे दाखवला. डॉक्टरांचा चेहरा आपला दाढ बधिर केल्यासारखा. जाताना ते दर वेळी माझीच समजूत घालायचे, "होतं असं मास्तर. काही काही मुळं खोल असतात."

पाटी उतरवायचं स्टूल माझ्या स्वप्नात यायला लागलं.

आणि एका संध्याकाळी चमत्कार झाला. मी पेटी उघडतच होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातला आमचा जुना फ्रीज सुरू झाला. आमचा फ्रीज सुरू व्हायचा म्हणजे आधी एक झटका, मग ताटल्यांचा खडखडाट, आणि मग एकसारखं घूंऽऽ. डॉक्टरांनी मान वर केली.

"मास्तर, हा तुमचा फ्रीज आणि माझ्या दवाखान्यातला मोठा कॉम्प्रेसर एकच सूर काढतात."

मी पेटीवर शोधलं. पांढरी पाच! अगदी केसभर चढी, पण पांढरी पाचच. म्हणजे माझ्याच स्वयंपाकघरात सा इतकी वर्षं घूं घूं करत उभा होता आणि मी त्यात दही ठेवत होतो.

डॉक्टरांची गोम मला कळली. पेटीचे सूर त्यांना सगळे सारखेच, पण वस्तूंचे आवाज त्यांच्या डोक्यात पक्के बसतात. आयुष्यभर यंत्रांच्या सोबतीनं काम केलेला माणूस. मग मी सगळं घर सुरावर लावून बघितलं. न्हाणीघराचं दार उघडताना करकरतं तो रे. दाराची बेल टिंग-टाँग वाजते, त्यातलं टिंग म्हणजे ग आणि टाँग म्हणजे सा. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर म. पाण्याचा फिल्टर भरत आला की जो आवाज काढतो तो पंचम, काय सुरेख पंचम होता हो तो. लोखंडी कपाटाचा कप्पा ध, आणि स्टीलच्या डब्याचं झाकण चमच्यानं वाजवलं की नी.

डॉक्टर असे काही सुटले म्हणता! मी पट्टी दाबली की ते क्षणभर फ्रीजकडे कान लावायचे आणि उत्तर द्यायचे. "न्हाणीघराचं दार. म्हणजे रे." "फिल्टर. प." एकही चूक नाही. मला तर त्यांची पप्पी घ्यावीशी वाटली.

घरात मात्र दुरुस्तीबंदी लागू झाली. दाराला तेल घालायचं नाही, फिल्टर साफ करायचा नाही, कपाटाचा कप्पा अडकला तर अडकू द्यायचा.

"अहो, त्या फ्रीजमध्ये दूध नासतंय," बायको म्हणाली.

"नासू दे. सूर नासता कामा नये."

"परवा ताई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, तुमच्याकडे गिरणी कधी घातलीत? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

मी लक्ष दिलं नाही. तिथंच चुकलं, पण ते नंतर कळलं.

एक शंका मला छळत होती. एकदा सहज दवाखान्यात जाऊन मी डॉक्टरांना ग गाऊन दाखवला आणि म्हटलं, ओळखा. डॉक्टरांनी इकडे तिकडे पाहिलं. कॉम्प्रेसर बंद होता. "मास्तर, इथं फ्रीज नाही," ते कसनुसं हसून म्हणाले. म्हणजे सा त्यांच्या डोक्यात नव्हताच. तो माझ्या स्वयंपाकघरात होता!

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. ताईच्या हॉलला रंग देणं चाललंय असं कळल्याबरोबर मी तिला फोन केला. "परीक्षा माझ्याकडे घे. शांत जागा आहे, पेटी आहे, चहा मिळेल." ताई तयार झाली. फ्रीज काही लबाडी करणार नव्हता. तो रोजच्यासारखा चालणार होता, एवढंच. आपल्या घरात आपला फ्रीज चालू ठेवणं हा कुठं गुन्हा आहे?

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी बिस्किटं आणायला बाहेर पडलो. परत आलो, बेल वाजवली, घरात पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थबकलो. घर शांत होतं. फ्रीज थांबून थांबून चालायचा, तशी ही शांतता नव्हती. ही नवीकोरी शांतता होती.

स्वयंपाकघरात एक उंच, राखाडी, चकचकीत फ्रीज उभा होता. शेजारी बायको उभी होती. दोघांचेही चेहरे चमकत होते.

"कसा आहे?" ती म्हणाली. "जुना बदल्यात दिला. ताईंना आज गिरणी म्हणायला जागाच नाही ठेवली. आवाजच नाही बघा. कान लावा, कान लावा."

मी कान लावला. खरंच आवाज नव्हता. मी त्या फ्रीजला मिठी मारून मटकन खाली बसलो.

"इतका आवडला?" बायको म्हणाली.

"सा कुठं गेला?" मी ओरडलो.

"टेंपोत. आत्ताच मागच्या जिन्यानं खाली नेला."

मी जिन्यावरून सुसाट धावत सुटलो. टेंपो सुरूच होत होता. मागं आमचा सा आडवा पडला होता, दोरखंडानं बांधलेला.

"थांबा! मला जुना फ्रीज परत हवाय. फक्त आजच्या दिवसापुरता."

टेंपोवाल्यानं मला नीट न्याहाळलं. "नवा बिघडला का?"

"नवा चांगला चालतोय."

"मग?"

"त्याला आवाज नाही."

टेंपोवाल्यानं आपल्या सोबत्याकडे पाहिलं. वेड्या माणसाशी जपून बोलावं, तसं तो मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, आडवा पडलेला फ्रीज लगेच चालू करता येत नाही. उभा करून संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर जळतो. चला, तुम्ही घरी जा. पंखा लावून पडा थोडा वेळ."

टेंपो गेला. मी वर आलो, तर पाठोपाठ ताई आणि डॉक्टर दोघंही जिना चढून आले. डॉक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"ताई, आधी आत या ना, तुम्हाला एक गंमत दाखवायचीय," बायको म्हणाली.

"नंतर!" मी दोघींच्या मध्ये उडी मारली. "आधी परीक्षा. गंमत मागाहून."

डॉक्टर सोफ्याच्या टोकाला बसले. त्यांनी स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे कान लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"मास्तर," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "तो बंद आहे का? आज बायकोला सांगून आलोय मी. म्हटलं, रविवारपासून दोघं बरोबर निघू. तिनं मला मफलरसुद्धा विणून ठेवलाय, वृंदाच्या रंगाचा."

मफलर ऐकल्यावर मला गलबलून आलं. पाटी गेली खड्ड्यात, पण या माणसानं तो मफलर घालून घड्याळासमोर बसायचं?

"आत्ता सुरू होईल," मी म्हणालो. "तो थांबून थांबून चालतो, माहितीय ना तुम्हाला."

"ढब्ब्या, तू बाहेर हो," ताई पेटी उघडत म्हणाली. "तू समोर बसलास की भुवया उडवून उत्तरं सांगशील. मी ओळखते तुला."

"मी चहा टाकतो," मी म्हणालो, आणि स्वयंपाकघरात शिरून दार लावून घेतलं.

आत गेल्यावर मी काय केलं, ते सांगायला आता लाजायचं कशाला? मी गॅसच्या ओट्याला एक लाथ घातली, तो झटका. ताटल्यांचं कपाट हलवलं, तो खडखडाट. मग छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं आणि सुरू झालो, घूंऽऽऽ.

बायको बघतच राहिली. "अहो, काय होतंय तुम्हाला?"

मी हातानंच खूण केली, मी फ्रीज आहे.

बाहेरून डॉक्टरांचा सुस्कारा ऐकू आला. मग ताईनं पट्टी दाबली. "बोला, हा कोण?"

"न्हाणीघराचं दार," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे... रे."

"न्हाणीघराचं काय?"

"काही नाही. रे."

"बरोबर. हा?"

"झाकण. नी."

"बरोबर," ताई म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. मी आनंदानं आणखी जोरात घूं केलं. पण तुम्हाला सांगतो, फ्रीज होणं दिसतं तितकं सोपं नाही. सूर खर्जातला, त्यात तोंड बंद. श्वास संपला की मला थांबावं लागे, मग घाईघाईनं हवा भरून पुन्हा सुरू.

"ढब्ब्या," बाहेरून ताईचा आवाज आला, "तुमच्या फ्रीजला दमा झालाय का?"

मी बायकोपुढे हात जोडले. तिनं आधी कपाळावर हात मारून घेतला, मग पदर तोंडाला लावून हसली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी श्वास घेताना ती घूं करायची, ती श्वास घेताना मी. ती एक सप्तक वरून. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघं एका सुरात बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र आमचं छान जमलं होतं. ओट्यावर चहाला आधण आलं होतं, खिडकीतून ऊन आलं होतं, आणि आम्ही नवरा-बायको फ्रीज होऊन उभे होतो.

घसा कोरडा पडला म्हणून मी गार पाण्यासाठी नव्या फ्रीजचं दार उघडलं आणि पाणी पिताना ते लावायचं विसरलो. हा नवा दिवटा मुका नव्हता बरं का. दार उघडं राहिलं की तो बोंबलायचा. पीं, पीं, पीं! आणि सूर कुठला लावावा त्यानं? तीव्र म. सा च्या जोडीला याच्याइतका कडू सूर सापडणार नाही. मी धावत दार लावलं, पण त्या धांदलीत बायकोला हसू फुटलं, मला ठसका लागला आणि आमचा सा घसरला. घसरला तो घसरलाच. पुन्हा सुरू केलं तेव्हा मी चांगला एका पट्टीनं खाली होतो. हे मला त्या वेळी कळलं का? छे. मला आपलं वाटत होतं, काय झकास लागलाय.

बाहेर ताईनं पुढची पट्टी दाबली. मग तीच पुन्हा दाबली.

"बोला डॉक्टर, हा कोण?"

"बाई," डॉक्टर सावकाश म्हणाले, "याची दोन उत्तरं येताहेत. फ्रीजच्या हिशेबानं हा कोमल ध. पण मला तो प वाटतोय."

"मग दोन्हींतलं खरं कुठलं?"

मी जिवाच्या आकांतानं घूं करत राहिलो.

"प," डॉक्टर म्हणाले. "हा पंचमच आहे. फ्रीज उतरलाय."

"कशावरून?"

"सा एवढा खाली नसतो. सा... सा असा असतो." आणि डॉक्टरांनी सा लावला. कुठल्याही फ्रीजचा आधार न घेता, उलट आमच्या उतरलेल्या घूंच्या नाकावर टिच्चून. ताईनं पांढरी पाच दाबली. दोन्ही सूर असे एकमेकांत मिसळले की डॉक्टर कुठं संपतात आणि पेटी कुठं सुरू होते ते समजेना. मी घूं करायचं विसरलो. माझे डोळे भरून आले. अहो, तो सा स्वयंपाकघरातून उठून त्यांच्या डोक्यात कधी जाऊन बसला होता, ते त्यांना कळलं नव्हतं आणि मलाही नाही.

तेवढ्यात दार उघडलं. दारात ताई. तिच्यासमोर मी, नव्या फ्रीजला टेकलेला, तोंड लाल, बायको माझ्या खांद्याला धरून उभी. ताईनं फ्रीजवर तळहात ठेवला. तो मख्ख शांत. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"फ्रीज छान आहे गं," ती बायकोला म्हणाली. "अजिबात आवाज नाही."

"हो ना," बायको म्हणाली, आणि दोघी ओट्याला धरून हसत सुटल्या. त्यांच्या मागून डॉक्टर आत डोकावले. त्यांना उलगडायला जरा वेळ लागला, पण उलगडलं तेव्हा ते कावरेबावरे झाले.

"मास्तर, तुम्ही होता? माफ करा हो. मला खरंच फ्रीज वाटला, नाहीतर मी उतरलाय असं म्हटलं नसतं."

"का नाही म्हणायचं?" ताई डोळे पुसत म्हणाली. "उतरलाच होता. डॉक्टर, रविवारी या. तुमच्या बाईंनी विणलाय तो मफलर घालून या. तुम्ही पास. फ्रीज नापास."

माझी पाटी वाचली. ती अजून दारावर आहे, लाल अक्षरांसकट. नवी विद्यार्थी मंडळीही येतात, आणि मी त्यांना पेटीवरच शिकवतो, कारण बायकोनं दुसऱ्याच दिवशी साऱ्या बिजागऱ्यांना तेल घातलं आणि फिल्टर साफ करून घेतला. डॉक्टर दवाखान्यात आता सुरात गुणगुणतात. पेशंट म्हणे भूल न घेता बसायला तयार होतात. अर्थात हे डॉक्टर सांगतात.

रविवारी सकाळी डॉक्टर आणि त्यांच्या बाई बरोबर निघतात. ती पुढच्या रांगेत, ते तिच्या मागं. मला हे इतकं बारकाईनं कसं ठाऊक? तर डॉक्टरांच्या शेजारी मी उभा असतो. ताईनं त्या दिवशी चहा पिता पिताच हुकूम सोडला होता, की तुझा सा पक्का होईपर्यंत तूही यायचंस, आणि तो उतरला की डॉक्टर तुला कोपर मारतील.

डॉक्टरांचा हात हलका आहे, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. कोपराचं काही बोललो नव्हतो. परवाच्या रविवारपासून माझी डावी बरगडी ठणकतेय, आणि प्रत्येक वेळी मारण्याआधी ते माझ्या कानाशी प्रेमानं म्हणतात, "मास्तर, जरा दुखेल हं."